हाडांवर कोरलेली गाणी आणि डाव्यांचे मौन

दुसरे महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष उलटले होते. लेनिनग्राडच्या रुग्णालयांतून क्ष-किरण चित्रांच्या जुन्या फिल्म बाहेर पडत. काही तरुण त्या चार पैसे देऊन मिळवीत, कात्रीने गोल कापीत, मधोमध पेटत्या सिगारेटने भोक पाडीत आणि घरी जुळविलेल्या यंत्रावर त्यांच्यावर गाणे कोरीत. कुणाच्या बरगड्या, कुणाची कवटी, कुणाचा मोडलेला हात, आणि त्यावरून फिरणारी ग्रामोफोनची सुई! त्यातून ऐकू येई अमेरिकन जाझ, नाहीतर देश सोडून गेलेल्या एखाद्या रशियन गायकाचा आवाज. खरखर इतकी, की निम्मे शब्द कानांनी ऐकायचे आणि निम्मे तर्काने जुळवायचे. लोक या तबकड्यांना 'हाडे' म्हणत. त्या बनविणाऱ्यांत अग्रणी असलेल्या रुस्लान बोगोस्लोव्स्कीला १९५० साली पकडण्यात आले. सुटून आल्यावर त्याने तेच काम पुन्हा केले आणि पुन्हा तुरुंगवास पत्करला.

श्रमिकांच्या स्वर्गात साधे गाणे ऐकण्यासाठी अनोळखी माणसांच्या हाडांचा आश्रय घ्यावा लागत होता. त्या काळात आपल्याकडील कॉम्रेड मंडळी सोविएत संस्कृतीच्या उत्कर्षाची वर्णने गुळगुळीत कागदावर छापून वाटत होती. तो कागद मुलांच्या वह्यांना वेष्टने घालण्यास फार उपयोगी पडे, एवढा एक गुण मात्र मान्य करावा लागेल.

बंडखोरी या शब्दावर आपली वंशपरंपरागत मालकी आहे, अशी डाव्या विचारवंतांची समजूत आहे. पाश्चात्त्य संगीतातील बंडखोरीविषयी मराठीत लेख येतात, तेव्हा त्यांत व्हिएतनामविरोधी गीते असतात, वुडस्टॉक असते, भांडवलशाहीला दिलेली दूषणे असतात. पंक नावाच्या प्रकाराचाही उल्लेख होतो. १९७६ च्या सुमारास लंडनमध्ये हा प्रकार बोकाळला. गिटारवरील तीन सुरावटी येत असल्या की पुरे, शिक्षण नको, रियाझ नको, मनातला संताप ओरडून सांगा, असा त्याचा एकंदर खाक्या. यालाच पुढे नॉइज रॉक या नावाची शाखा फुटली. तिथे वाद्याचा कर्कश आवाज, ध्वनिवर्धकाची शीळ, विजेची घरघर हेच गाण्याचे द्रव्य झाले. डाव्यांच्या लेखी हा सारा भांडवलशाहीविरुद्धचा उद्रेक.

आता या उद्रेकाची किंमत पाहू. १९७७ साली इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू असताना सेक्स पिस्टल्स या टोळक्याने राणीची टिंगल करणारी तबकडी काढली. बीबीसीने ती वाजविण्यास नकार दिला. परिणाम काय झाला? खपाच्या अधिकृत यादीत ती दुसऱ्या क्रमांकावर गेली! ज्या भांडवलशाहीविरुद्ध हे बंड होते, तिनेच ते वेष्टनात गुंडाळून विकले.

पोलादी पडद्याच्या पलीकडे हेच गाणे गाणाऱ्यांचे काय झाले, हा प्रश्न विचारला की मात्र आपल्या पुरोगामी मंडळींच्या कपाटात एकही तबकडी सापडत नाही. वास्तविक ऐकण्याजोग्या तबकड्या तिथल्याच आहेत.

प्रागमधील खटला

२० आणि २१ ऑगस्ट १९६८ च्या दरम्यानच्या रात्री सोविएत रणगाडे चेकोस्लोवाकियात शिरले. 'मानवी चेहऱ्याचा समाजवाद' हा अलेक्झांडर डुबचेक यांचा प्रयोग त्या रणगाड्यांखाली चिरडला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत या आक्रमणाच्या निषेधाचा ठराव आला, तेव्हा भारताचा प्रतिनिधी तटस्थ राहिला. त्याच्या निषेधार्थ अशोक मेहता यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, हे आज किती जणांना आठवते?

त्यानंतर काही आठवड्यांतच मिलान ह्लावसा या कोवळ्या तरुणाने मित्रांना जमवून एक वाद्यवृंद उभा केला. नाव ठेवले 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स'. राजकारणाशी त्यांना कर्तव्य नव्हते. अमेरिकेतील काही वाद्यवृंदांचे अनुकरण करावे, विचित्र वेश करावेत, रात्रभर वाजवावे, इतकीच त्यांची हौस. पण रणगाड्यांमागून 'सामान्यीकरण' आले. कुणी काय वाजवावे, केस किती लांब ठेवावेत, कोणत्या भाषेत गावे, याचे निर्णय समित्या करू लागल्या. व्यावसायिक वादकाला परवाना लागे आणि परवान्यासाठी परीक्षकांपुढे उभे राहावे लागे. १९७० मध्ये 'प्लास्टिक पीपल'चा परवाना गेला. परवान्याबरोबर सरकारी मालकीची वाद्ये आणि ध्वनिवर्धकही गेले. उरले ते हाताने जोडलेले, घरघरणारे साहित्य. त्यांच्या पुढच्या ध्वनिमुद्रणांतील जो खडबडीतपणा आज रसिक वाखाणतात, त्याचा काही वाटा तरी त्या समितीकडे जातो.

कलेतिहासाचा अभ्यासक इव्हान यिरोउस या मंडळींचा मार्गदर्शक झाला. त्याचे म्हणणे सरळ होते. सरकारी संस्कृतीशी भांडत बसू नका, तिच्याकडे पाठ फिरवा आणि आपली दुसरी संस्कृती उभी करा. मग कार्यक्रम लग्नाच्या निमित्ताने होऊ लागले. खेड्यातल्या खाणावळीत, धान्याच्या कोठारात. ठिकाण शेवटच्या क्षणी कानोकानी कळे. लोक आगगाडीने येत आणि उरलेली वाट बर्फातून तुडवीत. १९७४ च्या मार्चमध्ये चेस्के बुद्येयोवित्से या गावाजवळ अशाच जमलेल्या शेकडो मुलामुलींना पोलिसांनी लाठ्यांनी झोडपले आणि गाड्यांत कोंबून परत धाडले. त्यांतील कित्येकांना शाळा-महाविद्यालयांतून काढून टाकण्यात आले. अपराध एवढाच, की ते गाणे ऐकायला आले होते.

१९७६ च्या मार्चमध्ये धरपकड झाली आणि सप्टेंबरात प्रागच्या न्यायालयात खटला उभा राहिला. राजद्रोहाचा आरोप ठेवण्याइतके धैर्य सरकारपाशी नव्हते. आरोप होता सार्वजनिक शांततेच्या भंगाचा, आणि पुरावा म्हणून गीतांतील असभ्य शब्द पुढे करण्यात आले. यिरोउसला अठरा महिने, पावेल झायीचेकला बारा, तर सॅक्सोफोनवादक व्राटिस्लाव ब्राबेनेत्स आणि गायक स्वातोप्लुक कारासेक यांना प्रत्येकी आठ महिन्यांची कैद झाली. यांतील कारासेक हा प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होता, हे विशेष. न्यायालयाच्या जिन्यात जमलेल्यांत नाटककार वाक्लाव हावेल होते. या केसाळ, मळकट पोरांशी त्यांचा आधी फारसा परिचयही नव्हता. पण जी राजवट आज पोरांचे गाणे बंद करते, ती उद्या कुणालाही सोडणार नाही, हे त्यांनी ओळखले. या खटल्याने एकत्र आलेल्या माणसांमधूनच जानेवारी १९७७ मध्ये 'चार्टर ७७' हे मानवाधिकारांचे निवेदन निघाले. त्याचे एक प्रवक्ते, वृद्ध तत्त्वज्ञ यान पाटोच्का, दीर्घ चौकशांनंतर त्याच मार्चमध्ये रुग्णालयात मरण पावले. बारा वर्षांनी ती राजवट कोसळली आणि हावेल राष्ट्राध्यक्ष झाले.

सप्टेंबर १९७६! हा महिना वाचकांच्या ओळखीचा असेल. त्या वेळी भारतात आणीबाणी होती. ४ जुलै १९७५ पासून संघावर बंदी होती, येरवडा आणि नाशिकच्या कारागृहांत स्वयंसेवक आणि समाजवादी एकाच भाकरीचे तुकडे मोडीत होते, हस्तलिखित पत्रके रात्री दारांखालून सरकविली जात होती. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याचा उच्चार करणाऱ्या दुर्गाबाई भागवतांना तुरुंग दाखविण्यात आला होता. सरकारी कार्यक्रमात सहभागी होण्यास नकार दिला म्हणून किशोरकुमारची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून मे १९७६ पासून गायब झाली होती. प्रागमध्ये परवाना काढून घेतला, दिल्लीत ध्वनिक्षेपक, जात एकच. आणि या आणीबाणीच्या पाठीशी अखेरपर्यंत कोण उभे होते? भारतीय कम्युनिस्ट पक्ष. मार्क्सवादी पक्षाने विरोध केला, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. पण मॉस्कोकडे पाहून श्वास घेणाऱ्या पक्षाला आपली चूक उमगायला १९७८ चे भटिंडा अधिवेशन उजाडावे लागले. दिल्लीतील गळचेपी ज्यांना पुरोगामी वाटली, त्यांना प्रागमधील चौघांच्या तुरुंगवासाचे दुःख कोठून होणार?

पोराटोरांची ध्वनिमुद्रिका आणि घरातला खबऱ्या

पूर्व जर्मनीची कथा अधिक अंगावर येणारी आहे. १९८३ साली पश्चिम बर्लिनमधील एका छोट्या कंपनीने एक तबकडी काढली. तिचे नाव 'डीडीआर फोन उंटेन', म्हणजे 'तळातून दिसणारा पूर्व जर्मनी'. ध्वनिफिती चोरून भिंतीपलीकडे नेल्या होत्या. एका बाजूला ड्रेस्डेनच्या चित्रकार-कवींचा 'झ्विट्शरमशीने' हा वाद्यवृंद, दुसऱ्या बाजूला एरफुर्टकडील खेडवळ पोरांचा 'श्लाइमकाइम', तोही सावधगिरीने टोपणनाव घेतलेला. गाणी म्हणून तिची योग्यता बेताचीच आहे. पहिल्या बाजूला कवितेचा तोरा जास्त, दुसऱ्या बाजूला मात्र पोट जाळणारा खरा राग. पण टोपणनावाचा काही उपयोग झाला नाही. कारण ज्याने ही तबकडी जुळवून आणली, ज्याचा आवाज तिच्यावर आहे, तो कवी झाशा आंडरसन हाच 'स्टासी' या गुप्त पोलिसांचा खबऱ्या होता! १९९१ साली, जर्मनीचे एकीकरण झाल्यानंतर, वोल्फ बियरमान या कवी-गायकाने ते उघड केले. त्याच वाद्यवृंदात गाणारी चित्रकार कॉर्नेलिया श्लायमे हिने आपली फाईल मागविली, तेव्हा आपल्या जिवलग मित्रानेच आपल्या घराची, पाहुण्यांची, बोलण्याची बित्तंबातमी पुरविली होती, हे तिला कागदावर वाचावे लागले.

सुमारे एक कोटी साठ लाख वस्तीच्या या देशात स्टासीचे ९१ हजार पगारी नोकर होते आणि दीड लाखाहून अधिक खबरे. १९८३ मध्ये स्टासीचे प्रमुख एरिष मिल्के यांनी पंक मुलांविरुद्ध कठोर कारवाईचे आदेश दिले. त्याच वर्षी पूर्व बर्लिनच्या 'नामेनलोस' या वाद्यवृंदातील मुले पकडली गेली आणि पुढे तुरुंगात गेली. पूर्व बर्लिनमध्ये नाझी पुन्हा दिसू लागले आहेत, असे त्यांनी एका गाण्यात म्हटले होते. आपण अधिकृतपणे फॅसिझमविरोधी आहोत, तेव्हा आपल्या राज्यात नाझी असणे शक्यच नाही, हा सरकारचा सिद्धांत! १७ ऑक्टोबर १९८७ रोजी त्याच शहरातील झियोन्सकिर्श या चर्चमधील संगीत कार्यक्रमावर मुंडण केलेल्या गुंडांनी नाझी घोषणा देत हल्ला केला, तेव्हा पोलीस जवळपास उभे राहून पाहत होते. खोटे कोण बोलत होते, याचा निवाडा त्या रात्री झाला. ज्याला त्याला 'फॅसिस्ट' हे विशेषण चिकटविण्याचा छंद असलेल्या आपल्याकडील लेखकांनी हे प्रकरण एकदा जरूर अभ्यासावे.

या मुलांना वाजवायला जागा दिली ती चर्चने. निरीश्वरवादी राज्यात सरकारी समितीचा हुकूम जिथे चालत नव्हता, असे तेवढेच एक छप्पर होते. केस रंगविलेली, कानात सेफ्टी पिना अडकविलेली पोरे देवळाच्या ओवरीत आसरा घ्यावा तशी तिथे जमत. धर्मसंस्था म्हणजे केवळ दडपणूक, हे समीकरण पाठ केलेल्यांना ही गोष्ट सांगणे अवघडच.

सैबेरियातील ओम्स्क शहरी तर चर्चचा आसराही नव्हता, वाद्यवृंदही नव्हता. होता फक्त येगोर लेतोव. १९८४ मध्ये त्याने मित्राच्या साथीने 'ग्राझ्दान्स्काया ओबोरोना', म्हणजे नागरी संरक्षण, या नावाने गाणी सुरू केली. वर्षभरात केजीबीने त्याला गाठले. डिसेंबर १९८५ पासून सुमारे तीन महिने त्याला मनोरुग्णालयात डांबून औषधे टोचण्यात आली. मित्राची रवानगी सैन्यात झाली. सुटल्यावर लेतोवने आपल्या घरातच एकट्याने गिटार, ड्रम आणि आवाज एकावर एक मुद्रित करून १९८७ या एका वर्षात पाच फिती पुऱ्या केल्या. या घरगुती स्टुडिओला नाव दिले 'ग्रोब', रशियन भाषेत शवपेटी. एका फितीवरून दुसरीवर उतरवीत ही गाणी व्लादिवोस्तोकपर्यंत पोहोचली. 'सारे योजनेनुसार चालले आहे' या अर्थाचे त्याचे १९८८ मधील गाणे पंचवार्षिक योजनांच्या भाषेची अशी काही दशा करते, की अर्थशास्त्रावरील दहा ग्रंथांना ते जमणार नाही. पुढे याच लेतोवला नव्वदच्या दशकात लाल झेंड्याचेच प्रेम आले आणि तो लिमोनोव्हच्या नॅशनल बोल्शेविक टोळीत सामील झाला. ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. माणूस घसरला, १९८७ च्या फिती घसरल्या नाहीत. २००८ साली त्याचे निधन झाले.

क्यूबाचे उदाहरण अगदी अलीकडचे. गोर्की आगिला (नावही नेमके गोर्की!) याच्या पंक वाद्यवृंदाचे नाव या पृष्ठांवर छापण्याजोगे नाही. कॅस्ट्रो बंधूंवर अर्वाच्य गाणी रचणाऱ्या या गायकाला ऑगस्ट २००८ मध्ये अटक झाली. आरोप कोणता? 'गुन्हा घडण्यापूर्वीची सामाजिक धोकादायकता'! गुन्हा झालेला नाही, तो होईल असे सरकारला वाटते, म्हणून खटला. जगभर आरडाओरडा झाला तेव्हा सहाशे पेसो दंडावर सुटका झाली. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर चे गव्हेराचे चित्र छातीवर मिरविणाऱ्या एखाद्या महाविद्यालयीन बंडखोराला गोर्कीचे नाव विचारून पाहावे.

एका अमेरिकन तबकडीचाही इथे उल्लेख केला पाहिजे, कारण ती आपल्याकडील एका ओळखीच्या नमुन्याचे चित्र काढते. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'डेड केनेडीज'चे 'हॉलिडे इन कंबोडिया' हे गाणे १९८० चे. सुखवस्तू घरातला, विद्यापीठात वर्ष-दोन वर्षे घालवून सर्वज्ञ झालेला, गरिबांच्या दुःखावर व्याख्याने देणारा एक तरुण घेऊन गायक त्याला पोल पॉटच्या कंबोडियात सुट्टीवर पाठवितो. १९७५ ते १९७९ या काळात तिथल्या साम्यवादी राजवटीत सुमारे सतरा लाख माणसे उपासमारीने, श्रमाने आणि कुदळीच्या घावांनी मेली. गाण्यातली गिटार अशी वाजते की जणू कुणीतरी दाताखाली वाळू चावीत आहे. विशेष म्हणजे हे रचणारा जेलो बियाफ्रा स्वतः उजव्या विचारांचा मुळीच नाही. रेगनवरही त्याने तितकेच आसूड ओढले. डावा असूनही पोल पॉटला पोल पॉट म्हणण्याचा प्रामाणिकपणा त्याच्यापाशी होता. आपल्याकडे तो कुणी दाखविला?

घरातल्या बंद दाराआड

आता थोडे आपल्या घरांकडे. मुलाच्या खोलीतून गिटारचा आक्रोश ऐकू आला की 'हा काय धांगडधिंगा, ही पाश्चात्त्य विकृती' असे म्हणून दार लावून घेणारे गृहस्थ आपल्या परिवारातही पुष्कळ आहेत. कुमार गंधर्व आणि भीमसेनांच्या स्वरांवर पोसलेल्या कानांना हा कोलाहल रुचणार नाही, यात नवल नाही. रुचावा असा आग्रहही नाही. पण ही गाणी कुणी, कोठे, कशासाठी गाइली, ते न विचारता सरसकट थुंकून टाकणे आणि 'असल्या कार्यक्रमांवर बंदी आणा' म्हणून पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन जाणे, हे वेगळे. प्रागच्या फिर्यादी पक्षाचे शब्दही 'असभ्य', 'विकृत', 'परकीय अनुकरण' असेच होते. संस्कृती स्वतःच्या बळावर उभी असते. परवाना देणारी समिती ज्या संस्कृतीला लागते, तिची अवस्था १९८९ च्या नोव्हेंबरात प्रागने पाहिली. आणीबाणीत ज्यांच्या घरांतून पत्रके फिरली, त्यांना तरी हे वेगळे सांगायला नको.

घरातल्या त्या मुलाने लंडनच्या पोरांची विकत मिळणारी बंडखोरी ऐकली असेल. त्याच्या हाती 'प्लास्टिक पीपल' द्यावे आणि त्यामागची हकीकत सांगावी. सुरुवात 'इगॉन बाँडीज हॅपी हार्ट्स क्लब बॅन्ड'ने करता येईल. हे ध्वनिमुद्रण काही वर्षे आधीचे, पण तबकडी निघाली १९७८ मध्ये, तीही फ्रान्समधून. ज्याच्या कविता तिच्यात आहेत, तो बाँडीही पोलिसांना बातम्या पुरवीत होता, असे पुढे कागदपत्रांतून निघाले. या देशांत गाण्याच्या मागे खबऱ्या सावलीसारखा येतो! त्याहून सरस आहे ती त्यांची ईस्टरवरील 'पाशियोवे ह्री', म्हणजे येशूच्या अंतिम यातनांचे संगीतनाट्य. देव नाही असे शाळेत शिकविलेल्या पिढीतल्या वादकांनी १९७८ साली बायबल उघडून ती रचली. व्हायोला किंचाळतो, सॅक्सोफोन रडतो, आणि मधूनच सारे थांबून एकच जाड आवाज वधस्तंभाकडची वाट चालत राहतो. मुद्रण झाले हावेल यांच्या ह्रादेचेक येथील शेतघरात. फीत देशाबाहेर पोहोचली कॅनडात, पॉल विल्सन यांच्याकडे. एके काळी ते याच वाद्यवृंदात गात असत आणि १९७७ मध्ये त्यांना देशाबाहेर काढण्यात आले होते. तबकडी त्यांनीच काढली.

ती ऐकताना मागे एक सततची घरघर येते. ध्वनिवर्धक बिघडला, असे समजून उठू नये.